तुतीच्या रस्त्यावरचा मांडव

मंगळवारी दुपारचे अडीच वाजले तरी वॉर्ड ऑफिसातून रस्त्यावर लेन आखायचे नारंगी शंकू आले नव्हते, आणि कौसरबाई फुटपाथवर उभ्या राहून फोनवर अशा एका माणसाशी बोलत होत्या, ज्याला शंकू म्हणजे काय हे माहीत होतं, पण ते देणं म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

"अहो, चाळीस शंकू. पत्रावर शिक्का आहे, तोही तुमचाच."

"शिक्का आहे हो बाई, पण तो गोल आहे. भांडारातून काही बाहेर काढायचं तर चौकोनी लागतो."

"मग मारा चौकोनी."

"चौकोनी रऊफसाहेबांच्या खणात आहे."

"आणि रऊफसाहेब?"

"मन्सुऱ्याला. मुलीचं लग्न आहे. रविवारी येतील. त्यांना मुबारक सांगू का तुमच्याकडून?"

कौसरबाईंनी मुबारक सांगितलं आणि फोन ठेवला. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवल्यामुळे त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की डोंगराशी वाद घालण्यात अर्थ नसतो, वळसा घ्यावा.

तुतीचा रस्ता हा कैरोतला एक साधा रस्ता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना तुतीची झाडं होती. मग रस्ता रुंद झाला, झाडं गेली, नाव राहिलं. दोन पदरांचे सहा पदर झाले, मध्ये दुभाजक नाही, सिग्नल नाही, पट्टे नाहीत. कौसरबाईंची थोरली बहीण हिक्मत बरोबर समोरच्या इमारतीत राहते. दोघी रोज संध्याकाळी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून, एकमेकींकडे बघत, फोनवर बोलतात. हिक्मतचे गुडघे गेलेले. दोन वर्षांत ती बहिणीच्या घरी आली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा टॅक्सीने, दीड किलोमीटरवरचं वळण घेऊन. रमजानात सायकलवरून जाणाऱ्या महरूस रोटीवाल्याला एका मायक्रोबसने उडवलं. डोक्यावरच्या फळीवरच्या तीनशे रोट्या रस्ताभर झाल्या आणि डावा हात दोन ठिकाणी मोडला. महरूस पडल्या पडल्या विचारत होता म्हणे, "रोट्या उचलल्या का कुणी?" त्याच आठवड्यात कौसरबाई पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसला गेल्या.

मागण्या दोनच. एक, रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी दीड मीटरची लेन, दगडी कठड्याने वेगळी केलेली. दोन, इमारतीशेजारच्या मुलींच्या शाळेसमोर उंचवट्याचं क्रॉसिंग, पांढऱ्या पट्ट्यांचं. या दोन मागण्या घेऊन त्या इंजिनियर तलत यांच्याकडे एकेचाळीस वेळा गेल्या. तलतसाहेब वाईट माणूस नव्हते. दर वेळी उठून उभे राहायचे, दर वेळी चहा मागवायचे, आणि कप ठेवायला दर वेळी बाईंनी आणलेली मागण्यांची फाईल पुढे ओढायचे. फाईलवर कपाच्या तळाची इतकी वर्तुळं उमटली होती, की लांबून ती एखाद्या खात्याच्या शिक्क्यासारखी दिसावीत. बेचाळिसाव्या भेटीला बाईंना खोकला झाला होता. त्या इतक्या खोकल्या की साहेबांना दया आली, किंवा भीती वाटली.

"ठीक आहे बाई. एक दिवस चाचणी घ्या. मंगळवार, चार ते आठ. सातला मी स्वतः येतो. पण एक कोंडी झाली, एक तक्रार आली, तर फाईल बंद. कायमची. मग चहाला या, फाईल घेऊन येऊ नका."

म्हणजे शंकू नसले तर लेन नाही, लेन नसली तर चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर हिक्मत गॅलरीतच म्हातारी होणार. ती तशी आधीच झाली होती, पण बाईंना तिला अजून अवधी द्यायचा होता.

"शंकू नाहीत, तर नाहीत," हाजी दसूकी म्हणाले. "माझ्या कनाती काय मेल्या?"

कृती समितीत तिघं होते. अध्यक्षा कौसरबाई. डॉक्टर मुनीर, जे खरं तर औषधविक्रेते, पण दुकानात आधी मलमपट्टी करून मग गिऱ्हाइकाचं नाव विचारायची वेळ या रस्त्याने त्यांच्यावर आणली होती. आणि हाजी दसूकी मांडववाले. अब्बासियापासून इकडे कुणाच्याही सुखदुःखात लाल-निळ्या नक्षीच्या कनाती उभ्या राहिल्या, तर त्या हाजींच्या.

"हाजी, शंभर मीटर लागेल."

"तीनशे आहे. परवाच धुऊन आली."

हाजींची माणसं आली आणि कामाला लागली. तीस वर्षं एकच काम केलेल्या हातांना सांगावं लागत नाही. अडचण तिथेच असते, की थांबही सांगता येत नाही. लेनच्या कडेने शंभर मीटर कनात तर झरझर उभी राहिली, आणि दिसायलाही देखणी झाली. पण कौसरबाईंच्या इमारतीपुढे फुटपाथ रुंद आहे. तिथे पोचल्यावर त्या हातांना चैन पडेना. त्यांनी तिन्ही बाजूंनी कनात घेतली, वर छत ताणलं, खाली गालिचे अंथरले.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"इंजिनियरसाहेब काय उन्हात उभे राहणार?"

"मग एक खुर्ची ठेवा."

एक खुर्ची हा आकडा हाजींकडे नव्हताच. साठाच्या खाली त्यांच्या टेम्पोचं दारच उघडत नसे. सोनेरी पाठीच्या साठ खुर्च्या उतरल्या आणि आपोआप समोरासमोरच्या दोन रांगांत बसल्या. ड्रायव्हरांना 'हळू चालवा' सांगण्यासाठी आणलेला माइक एका स्टूलवर ठेवला गेला. शेजारच्या कॉफीवाल्या झनातीने पाच मिनिटं हे सगळं पाहिलं, एक सुस्कारा सोडला, आणि भट्टीवर मोठं पातेलं चढवलं. बिनसाखरेच्या कॉफीचं.

चार वाजले. साहेब ऐनवेळी लवकर आले तर, म्हणून समितीतले तिघंही मांडवाच्या दाराशी ओळीने उभे राहिले. डॉक्टर मुनीर काळ्या सुटात, कारण सरकारी माणूस येणार होता. हाजी गडद अंगरख्यात, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या रंगाचा नव्हता. बाई आपला तपकिरी कोट घालून, हातात वही, पेन्सिल आणि मागण्यांची फाईल घेऊन. त्यांनी आदल्या दिवशी, सोमवारी, याच वेळात याच जागी बसून मोजणी केली होती: गाड्या इतक्या, हॉर्न इतके, शिव्या इतक्या. आज त्याच रकाने पुन्हा भरायचे होते.

पहिली मायक्रोबस आली. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज असा ठेवला होता, की आतले उतारू ओठांच्या हालचालीवरून बोलत असावेत. मांडव दिसला. गाणं बंद झालं. बस हळू झाली. ड्रायव्हरने तळहात छातीवर ठेवला आणि पुढे गेला.

"शाबास!" कौसरबाई म्हणाल्या. "बघा डॉक्टर, माणसाला जागा आखून दिली की कळतं."

दुसरी गाडी हळू झाली. तिसरी झाली. एका ट्रकवाल्याने तर चक्क सिगरेट विझवली. साडेचारपर्यंत हॉर्न: दोन. काल याच वेळेपर्यंत ते चारशे एकोणीस होते. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि त्यांना क्षणभर असं वाटलं, की आपण सदतीस वर्षं उगाच शाळेत घालवली, माणूस सुधारायचा तर रस्त्यावर यायला हवं होतं.

तेवढ्यात एक निवृत्त बस-तपासनीस मांडवाच्या दाराशी आले. कोटाची बटणं लावली, मान खाली घातली आणि डॉक्टर मुनीरांचा हात हातात घेतला.

"उरलेलं आयुष्य तुमच्या वाट्याला येवो."

"तुमच्याही," डॉक्टर म्हणाले. कारण आजवर शेकडो मांडवांत त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, आणि या उत्तराचा रस्ता डोक्यातून जात नाही.

तपासनिसांनी हाजींचा हात धरला, बाईंपुढे मान झुकवली, आत जाऊन खुर्चीवर बसले. झनातीचा माणूस लगेच कॉफी घेऊन गेला.



"हाजी," कौसरबाई हळूच म्हणाल्या, "हे काय झालं?"

हाजींनी मागे वळून पाहिलं. समोरासमोर खुर्च्या. गालिचा. कडू कॉफी. दाराशी गडद कपड्यांत ओळीने उभी माणसं. रंगीत दिव्यांची एकही माळ नाही. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांनी निदान केलं.

"मयत झाली, बाई."

"कुणाची?"

"ते कुणी विचारत नाही."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. विचारणं हा असभ्यपणा. शेजारच्या रस्त्यावर मांडव दिसला, की माणसाने यावं, हात मिळवावा, बसावं, कॉफी घ्यावी, उठावं. कोण गेलं हे ज्याला माहीत नाही, त्याने ते माहीत असल्यासारखा चेहरा करावा. साडेपाचपर्यंत तेवीस माणसं असे चेहरे करून बसली होती.

"आपण फसवतोय," बाई म्हणाल्या.

"आपण काय केलं?" डॉक्टर मुनीर म्हणाले. "कनात लावली, खुर्च्या मांडल्या, उभे राहिलो. कुणी मेलंय असं आपण म्हटलं का?"

"डॉक्टर, शेजारणीच्या वहीत बघून लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी मी शून्य द्यायची."

"हॉर्न किती झाले?"

"अकरा."

"काल?"

बाईंनी वही बघितली आणि उत्तर द्यायचं टाळलं. पण शून्य देणारी बाई त्यांच्या आत जागी झाली होती. "हाजी, माइकवर जाहीर करा. स्पष्ट सांगा. आत्ताच."

हाजींनी माइक घेतला, घसा साफ केला. "सर्व बंधूंना नम्र विनंती. इथे कोणीही वारलेलं नाही. परत सांगतो. इथे कोणीही वारलेलं नाही."

मग तपासनीस शेजाऱ्याकडे झुकले. "बिचारे. अजून मान्यच होत नाहीये त्यांना."

"जवळचं कुणीतरी असणार," शेजारी म्हणाला आणि डोळे पुसले.

त्या घोषणेनंतर गर्दी वाढली.

सव्वासहाला हिशामची आई बाईंच्या कानाशी आली. ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिसऱ्या मजल्यावरचं सगळं तिला आधी कळतं. "बाई, आधी वर चला. तुमच्या घरात बायका भरल्यात."

"कसल्या बायका?"

"काळे कपडे घालून. खाली पुरुष बसले म्हटल्यावर बायका घरातच जाणार ना? मी म्हटलं, बाई खाली आहेत, तर म्हणाल्या, दुःखात माणसाला कळत नाही कुठे उभं राहावं. मीच दार उघडलं. जिना चढून धापा टाकत होत्या हो, बाहेर कशा ठेवू?"

कौसरबाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या, तेव्हा बैठकीत चौदा बायका होत्या. चौदाही जणींनी उठून त्यांना मिठी मारली. कुणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी म्हणालं, "रडून घे गं, मोकळी हो." बाई म्हणाल्या, "अगं, कुणी गेलेलं नाही." त्यावर एक म्हातारी म्हणाली, "खरं आहे, जाणारे जात नाहीत, इथे असतात," आणि छातीवर हात ठेवला. मग सगळ्याच रडल्या. घरात पाहुण्या असताना त्यांना कोरडं बसवून खाली जाणं बाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी कोट काढला, पदार्थांचे डबे उघडले, आणि पाण्याचे ग्लास विसळता विसळता गॅलरीतून खाली बघायला सुरुवात केली. साडेसहा. हॉर्न: चोवीस.

महरूसची पाळी सातला होती, पण तो पावणेसातलाच निघाला. चाचणीचा मुख्य भागच तो. हात बरा झाल्यावर पहिल्यांदाच महरूस डोक्यावर रोट्यांची फळी घेऊन, एका हाताने सायकल धरून, लेनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार होता, इंजिनियरसाहेबांच्या डोळ्यांदेखत. महरूस आला, आणि काय थाटात आला! पाठ ताठ, फळी स्थिर, गरम रोट्यांची वाफ मागे पदरासारखी. गॅलरीतून बाईंना भरून आलं. त्या खरंच रडल्या, त्यामुळे मागच्या चौदा जणींना फार बरं वाटलं.

मांडवापाशी महरूसने ब्रेक दाबला. एक माणूस उठला, त्याने फळीवरून अदबीने एक रोटी उचलली, "अल्लाह त्यांच्यावर दया करो" म्हणाला आणि बसला. मग दुसरा उठला.

"ओ! ओ काका! ह्या हॉटेलच्या आहेत!"

"देव तुला याचं पुण्य देईल, बाळा."

"मला नको पुण्य! तिथे कबाब थांबलेत!"

मयतीच्या नावाने वाटलेलं अन्न नाकारू नये, म्हणून रस्त्याने जाणारे-येणारेही थांबले. एका मायक्रोबसवाल्याने गाडी हळू करून खिडकीतून सात घेतल्या, उतारूंसाठी. महरूस लेनच्या दुसऱ्या टोकाला पोचला, तेव्हा फळीवर एक रोटी होती, तीही कडा जळलेली. पण तो पोचला होता. न पडता. हे मात्र त्याच्या दोन मिनिटांनी लक्षात आलं, आणि तो तिथेच रिकामी फळी घेऊन हसत उभा राहिला.

बरोबर सातला वॉर्ड ऑफिसची गाडी आली. गाडी हळू झाली, रेडिओ बंद झाला. इंजिनियर तलत उतरले. ड्रायव्हर त्यांना मांडवाच्या दाराशी सोडून, पुढच्या वळणावरून गाडी पलीकडच्या बाजूला लावायला निघून गेला, कारण परतीचा रस्ता तिकडून होता.

साहेबांनी मांडव पाहिला. दाराशी डॉक्टर मुनीर आणि हाजी दसूकी. त्यांच्या मधली जागा रिकामी. आजवर या दोघांना कौसरबाईंशिवाय त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वर नजर गेली: तिसऱ्या मजल्यावरच्या दारातून काळ्या कपड्यांतली बाई रुमाल डोळ्यांना लावून आत जात होती. साहेबांना गेल्या भेटीतला खोकला आठवला. त्यांचा चेहरा उतरला. विचारलं अर्थातच काही नाही.

"डॉक्टर... उरलेलं आयुष्य तुमच्या वाट्याला येवो."

"तुमच्याही," डॉक्टर म्हणाले. आणि मग, "नाही नाही साहेब, म्हणजे..."

पण साहेब आत जाऊन बसले होते. कॉफी हातात आली. मोठा माणूस बसला म्हटल्यावर हाजींच्या हातांनी पुन्हा आपलं काम केलं: माइक उचलून साहेबांपुढे धरला. साहेब उभे राहिले.

"मी काय बोलणार," कर्ण्यातून आवाज आला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेला. "मी त्यांना बेचाळीस वेळा चहा पाजला. बिस्कीट त्यांनी एकदाही घेतलं नाही. चिकट बाई. देव मला माफ करो, पण चिकट."

वर गॅलरीत कौसरबाईंच्या हातात ग्लास तसाच राहिला.

"शेवटच्या वेळी खोकत होत्या. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात चाचणी घ्या. पुढच्या आठवड्यात!" मांडवातल्या साठ माणसांना आता कुठे कळलं कोण गेलं ते, आणि ती मनापासून हळहळली.

"अगं बाई!" हिशामची आई किंचाळली. "हा तर तुम्हालाच पोचवतोय! चला खाली!"

"थांब गं," कौसरबाई म्हणाल्या. "अजून मुद्द्यावर आला नाही."

"त्यांची मागणी रास्त होती," कर्णा म्हणाला. "मला ते पहिल्या भेटीतच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच चहा मागवत होतो. नाही म्हणायला तोंड नव्हतं, हो म्हणायला धाडस नव्हतं."

"आता?" हिशामच्या आईने विचारलं.

"कधी करणार ते बोलू दे."

"उद्या सकाळी दहा वाजता," कर्णा म्हणाला, "मी लेनच्या कागदावर सही करणार. साठ जणांसमोर शब्द देतो. त्यांच्या आत्म्याला तेवढं तरी..."

"आता चल," कौसरबाई म्हणाल्या, आणि कोट चढवला.

त्या मांडवात शिरल्या, तेव्हा सगळ्यात आधी उठले ते तपासनीस. त्यांनी मान झुकवली. "बाई, फार चांगल्या होत्या त्या." मग ते थांबले, आणि खुर्चीला धरून परत बसले. इंजिनियर तलत यांच्या हातातला कप बशीत एवढा वेळ वाजला, की डॉक्टर मुनीरांनी तो अलगद काढून घेतला.

"बाई... तुम्ही..."

"पाणी घ्या साहेब. चांगलं बोललात. 'चिकट' सोडून."

पाणी पोटात गेल्यावर मात्र साहेबांच्या आतलं वॉर्ड ऑफिस सावरलं. चेहऱ्याचा रंग परत आला, आणि जरा जास्तच आला. "ही फसवणूक आहे. चाचणी रद्द! गाड्या हळू झाल्या त्या लेनमुळे नाही, मयतीमुळे. मी काय रोज एक माणूस मारू या रस्त्यावर?"

"रोज नाही," डॉक्टर मुनीर शांतपणे म्हणाले. "पण महिन्याला एखादा होतोच, साहेब. माझ्या दुकानाच्या पायरीवर."

कौसरबाईंनी वही उघडून साहेबांपुढे धरली.

"आम्ही माइकवर सांगितलं होतं, कुणी मेलेलं नाही. साठ साक्षीदार आहेत, विश्वास कुणी ठेवला नाही तो भाग वेगळा. आता हे बघा. काल चार ते सात, या बाजूला हॉर्न तीन हजार एकशे बारा. आज एकतीस. त्यातले नऊ एका अँब्युलन्सचे. आणि गाड्या? कालपेक्षा अकरा जास्त गेल्या, एक पदर कमी असून. कोंडी एकही नाही. म्हणजे जागा कमी पडली नाही, साहेब. या शहरातल्या प्रत्येक ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो, आज स्वतः बघितलंत. तुमचाही रेडिओ बंद झाला. माणसाला समोर काहीतरी दिसावं लागतं, एवढंच. आज कनात दिसली. उद्या दगड दिसेल."

साहेबांनी वही घेतली, पानं उलटली, बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती, हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी मांडवाकडे तोंड केलं. "तक्रार आहे कुणाची? एक तक्रार आली तरी मी..."

मागच्या रांगेत एक हात वर झाला.

"बोला."

"कॉफी संपली."

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं, मग पुढे आलं. साहेबांनी ते तोंडावर येण्याआधी परतवायचा प्रयत्न केला, पण मिशीने दगा दिला.

"लेन देतो," ते म्हणाले. "चाळीस दिवस, कनातीसकट. चाळिसाव्या दिवशी येऊन बघतो. नीट चाललं असेल तर दगड लावतो."

चाळीस हा आकडा साठही माणसांना योग्य वाटला. मयतीत चाळिसावा करतातच. काहींनी तर तेव्हा नक्की येऊ असं सांगितलंही.

"आणि क्रॉसिंग?" बाईंनी विचारलं.

"क्रॉसिंगचं नाव काढू नका. ते माझ्या हातात नाही. मुख्य अभियंता, वाहतूक खातं, तीन सह्या लागतात. आणि तिथे क्रॉसिंगची गरज आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं."

कौसरबाईंनी वाद घातला नाही. हे पाहून डॉक्टर मुनीरांना पहिल्यांदाच इंजिनियरसाहेबांची काळजी वाटली.

आठ वाजता साहेब निघाले. सगळ्यांशी हात मिळवून झाला. मग फुटपाथच्या काठावर उभे राहून त्यांनी पलीकडे पाहिलं. सहा पदरांपलीकडे त्यांची गाडी उभी होती, ड्रायव्हर आत डुलक्या घेत होता. साहेबांनी एक पाय खाली ठेवला, परत वर घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. फोन लावून पाहिला. डुलकी मोडली नाही.

"या," कौसरबाई म्हणाल्या, आणि फाईल काखेत मारून त्यांचा दंड धरला. "मी सोडते."

अलीकडचे तीन पदर सोपे होते. मांडवाच्या बाजूच्या गाड्या अजूनही हळू होत्या, एकाने तर थांबून वाट दिली. रस्त्याच्या बरोबर मध्यावर दोघं पोचले. इथून पुढे मांडवाकडे कुणी बघत नव्हतं, आणि तिकडच्या तीन पदरांवर तुतीचा रस्ता नेहमीसारखा वाहत होता. कौसरबाई तिथे थांबल्या. म्हणजे अगदी थांबल्या.

"चला ना!" साहेब म्हणाले.

"साहेब, ते क्रॉसिंगचं."

"इथे?"

"तुम्हीच म्हणालात, गरज सिद्ध व्हायला हवी. आणि ऑफिसात म्हणायचात, जागेवर पाहणीला वेळ मिळत नाही."

एक मायक्रोबस इतक्या जवळून गेली, की साहेबांच्या कोटाची टोकं तिच्या मागे निघाली.

"तीन सह्या लागतात हो, बाई!"

"त्यातली तुमची कितवी?"

"पहिली!"

"मग पहिलीच मागतेय."

पुढून एक ट्रक आला, मागून एक आला. साहेबांनी बाईंची बाही दोन्ही हातांनी धरली. एका टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढली. "काय काका, निकाह इथेच लावताय का? घरी जा की!"

"कागद आहे?" साहेबांनी विचारलं. कागद होता. पेन होतं. फाईल कौसरबाईंनी तळहातांवर टेबलासारखी आडवी धरली, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत असताना इंजिनियर तलत यांनी सही केली. ती सही कमी आणि एखाद्या नदीचा नकाशा जास्त दिसत होती.

बाईंनी ती निरखून पाहिली. "खाली नाव लिहा. वाचता येत नाही."

साहेबांनी नाव लिहिलं, सुवाच्य, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कौसरबाईंनी फाईल मिटली, उजवा हात सरळ वर केला आणि पाऊल टाकलं. आणि हा रस्ता कागदावर ज्यांनी आखला होता ते इंजिनियर तलत, बाईंच्या कोटाचा पट्टा घट्ट धरून आणि डोळे गच्च मिटून, त्यांच्या मागोमाग निघाले.